सान्निध्य आणि प्राप्ती : खर्डी परिसरातील दूरसंचाराचा इतिहास आणि विद्यार्थ्यांची क्षेत्रभेट

प्रस्तावना

दूरसंचार कंपनीच्या केंद्रास किंवा टेलिफोन एक्सचेंजला विद्यार्थ्यांची शैक्षणिक भेट घडवून आणणे हा महाविद्यालयीन जीवनातील एक परिचित उपक्रम आहे. बहुधा विज्ञान, वाणिज्य किंवा माहिती तंत्रज्ञान विभाग अशी भेट आयोजित करतो. केंद्रातील अधिकारी यंत्रसामग्री दाखवितात, विद्यार्थी प्रश्न विचारतात, आभारप्रदर्शन होते आणि काही दिवसांनी विभागाच्या अहवालात त्या भेटीची नोंद केली जाते. या नोंदीत यंत्रांची नावे असतात, उपस्थितांची संख्या असते. परंतु ज्या परिसरातून विद्यार्थी आले त्या परिसराचा आणि त्या यंत्रांचा काय संबंध, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. इतिहास विभाग तर अशा भेटीस जातच नाही. दूरसंचार हा वर्तमानाचा विषय आहे, इतिहासाचा नव्हे, अशी समजूत यामागे असावी.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील, विशेषतः शहापूर व मुरबाड तालुक्यांतील विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही समजूत फार मोठे नुकसान करणारी आहे. शहापूर तालुक्यातील खर्डी हे गाव मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर मुंबईपासून सुमारे १०७ किलोमीटर अंतरावर, मुंबई-नाशिक महामार्गालगत वसलेले आहे. मुंबईला उत्तर हिंदुस्थानाशी जोडणाऱ्या मार्गाच्या दारातच हे गाव आहे. रस्ता, तार, लोहमार्ग, दूरध्वनीची ट्रंक वाहिनी, प्रकाशतंतूची केबल अशी संपर्काची एकामागून एक साधने दीडशेहून अधिक वर्षांत या पट्ट्यातून पुढे गेली. मात्र साधन गावाजवळून जाणे आणि ते गावकऱ्यांच्या हाती येणे या दोन घटनांमध्ये प्रत्येक वेळी दीर्घ काळ लोटला. पहिल्या घटनेस 'सान्निध्य' व दुसरीस 'प्राप्ती' म्हटल्यास, या दोहोंमधील अंतर हाच खर्डी परिसराच्या दूरसंचाराचा खरा इतिहास होय. हे अंतर कसे निर्माण झाले, ते कोणत्या कारणांनी टिकले व विद्यार्थ्यांची क्षेत्रभेट ते समजून घेण्याचे साधन कशी ठरू शकते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. घाटवाटांचा प्रदेश

सह्याद्रीच्या पायथ्याचा हा प्रदेश प्राचीन काळापासून दळणवळणाचा प्रदेश आहे. मुरबाड व जुन्नर यांच्या सीमेवरील नाणेघाट हा सातवाहनकाळात कल्याण, सोपारा या बंदरांना देशावरील बाजारपेठांशी जोडणारा प्रमुख मार्ग होता. तेथील लेण्यातील ब्राह्मी लिपीतील लेख आणि सातवाहन राणी नागनिकेचे नाव इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीसाठी वापरला जात असे, असे परंपरेने सांगितले जाते. घाटाच्या वाटेवर सत्ता प्रथम जकात बसविते, मग चौकी उभारते आणि त्यानंतर वाट राखते, हा क्रम येथे दिसतो.

खर्डीच्या ईशान्येस असलेला थळ घाट म्हणजेच कसारा घाट याच प्रकारचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी मुंबई-आग्रा रस्ता या घाटातून बांधून काढला. सैन्य, टपाल व व्यापारी माल यांची ने-आण हे त्या रस्त्याचे प्रयोजन होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस वसलेल्या महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली, कुणबी, आगरी अशा समाजांच्या गरजा हा त्याचा हेतू नव्हता. रस्त्याचा उपयोग त्यांना झाला नाही असे म्हणता येणार नाही. परंतु तो आनुषंगिक होता. मार्गाची आखणी दोन टोकांच्या गरजेतून होते आणि मधल्या प्रदेशाच्या वाट्याला मार्ग सांभाळण्याचे काम येते, हे सूत्र पुढील सर्व साधनांना लागू पडते.

२. तार आणि लोहमार्ग

हिंदुस्थानातील विद्युत तारायंत्राची सुरुवात एका अध्यापकाच्या प्रयोगातून झाली, ही बाब महाविद्यालयीन वाचकांस विशेष वाटावी. कोलकाता येथील वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणारे डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये तारेतून संदेश पाठविण्याचा प्रयोग केला. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याच्या कारकिर्दीत या प्रयोगास राजाश्रय मिळाला. नोव्हेंबर १८५३ मध्ये कोलकाता-आग्रा मार्गाचे काम सुरू झाले, मार्च १८५४ मध्ये त्या मार्गावरून संदेश गेला आणि त्यानंतर आग्रा-मुंबई हा दुवा पूर्ण झाला. फेब्रुवारी १८५५ पासून तारेची सेवा जनतेस खुली करण्यात आली. मुंबईची तार नाशिक, धुळे, इंदूर या दिशेने आग्र्याकडे गेली. म्हणजेच खर्डीच्या पट्ट्यात तारेचे खांब आले तेव्हा तेथे आगगाडीही पोहोचलेली नव्हती.

लोहमार्गाचा क्रम असा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे गाडी धावली. १८५४ मध्ये मार्ग कल्याणपर्यंत, १ ऑक्टोबर १८५५ रोजी वासिंदपर्यंत, १८६० मध्ये आसनगावपर्यंत आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्यापर्यंत पोहोचला. खर्डी हे या शेवटच्या टप्प्यातील गाव. घाटातील अवघड काम पूर्ण होऊन १ जानेवारी १८६५ रोजी कसारा-इगतपुरी मार्ग सुरू झाला. हाच काळ अमेरिकेतील यादवी युद्धाचा (१८६१-६५) होता. अमेरिकन कापसाचा पुरवठा खुंटल्यामुळे खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. तो कापूस मुंबईस येण्याचा मार्ग थळ घाटातून होता आणि भावाची बातमी देण्याचे साधन तार होते. १८६५ मध्ये इराणच्या आखातातील केबलमार्गे हिंदुस्थान लंडनशी जोडला गेला. १८७० मध्ये मुंबईहून एडन व सुएझकडे जाणारी समुद्री केबल कार्यान्वित झाली. लिव्हरपूलचा भाव मुंबईच्या पेढीवर आणि तेथून खानदेशातील बाजारात पोहोचविणारी ही साखळी होती. तिची एक कडी खर्डीजवळून जात होती.

तारेच्या या साखळीत मधले गाव मुके का राहिले, याचे उत्तर तंत्रज्ञानातही आहे. तार डोक्यावरून जाते म्हणून तिच्यातून बोलता येत नाही. त्यासाठी त्या ठिकाणी यंत्र, विद्युतघट, कार्यालय आणि मोर्सची लिपी अवगत असलेला तारमास्तर लागतो. हा खर्च जेथे उत्पन्न निघेल तेथेच केला जात असे. सुरुवातीच्या काळात ४०० मैलांपर्यंतच्या १६ शब्दांच्या संदेशास १ रुपया आकार होता. त्या काळच्या मजुराच्या दृष्टीने ही रक्कम मोठी होती. शिवाय तारेची भाषा इंग्रजी होती. गावकऱ्यास तार करावयाची झाल्यास दर, भाषा आणि अक्षरज्ञान असे तीन अडसर ओलांडावे लागत.

लोहमार्गाने परिस्थितीत काही बदल केला. गाड्यांच्या सुरक्षिततेसाठी एका स्थानकाने दुसऱ्या स्थानकास 'लाईन क्लिअर' देणे आवश्यक असल्यामुळे लहान स्थानकांतही तारायंत्र आले. घाटाच्या अलीकडच्या स्थानकांत या व्यवस्थेचे महत्त्व अधिकच होते. त्यामुळे यंत्राची 'कडकट्ट' परिसराच्या कानावर पडली. पण ती गाड्यांच्या कामाची होती. पुढे डाकघरांतून तार स्वीकारण्याची सोय वाढली आणि स्वातंत्र्यानंतर देवनागरीतूनही तार पाठविता येऊ लागली. तरीही ग्रामीण मनात तारेची प्रतिमा बदलली नाही. 'तार आली' हे शब्द ऐकताच घरात रडारड सुरू होण्याचे प्रसंग महाराष्ट्रातील खेडोपाडी घडत. मजकूर वाचण्यापूर्वीच शोक सुरू होतो, याचा अर्थ इतकाच की सामान्य माणूस तार केवळ मृत्यूच्या प्रसंगीच वापरत होता. एखादे साधन रोजच्या जीवनात किती रुजले, याची याहून बोलकी खूण दुसरी नाही.

३. वाहिन्यांखालील प्रदेश आणि १९४२

या परिसरातून मुंबईकडे केवळ संदेश गेले नाहीत. शहापूर परिसरातील तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईस मिळू लागले. १९५७ मध्ये वैतरणेवरील मोडकसागर पूर्ण झाला आणि त्यानंतर भातसा प्रकल्प उभा राहिला. लाकूड, गवत, पाणी, वीज व संदेश या सर्वांच्या वाहिन्या एकाच प्रदेशातून गेल्या. धरणांच्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्याची वेळ येते, हा अनुभव शहापूरकरांस नवा नाही. पाण्याच्या बाबतीत जी विसंगती सर्वांना डोळ्यांनी दिसते, तीच संपर्काच्या बाबतीत अदृश्य राहिली; कारण तारेतून काय वाहते ते दिसत नाही.

या वाहिन्यांचे सत्तेच्या दृष्टीने असलेले मोल स्थानिक लोकांनी ओळखले होते, हे १९४२ च्या आंदोलनाने सिद्ध केले. माथेरानचे भाई कोतवाल व त्यांचे सहकारी यांच्या आझाद दस्त्याने कर्जत-मुरबाड परिसरात मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडण्याची मोहीम चालविली. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगड येथे भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले. देशात इतरत्रही याच आंदोलनात तारा तोडणे व रूळ उखडणे हे प्रकार घडले. या घटनांकडे सामान्यतः देशभक्तीच्या दृष्टीने पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु दळणवळणाच्या इतिहासाच्या दृष्टीनेही त्यांना अर्थ आहे. डोंगरातील लोकांना हे कळले होते की राजधानीचा प्राण त्यांच्या डोक्यावरून जाणाऱ्या तारांत आहे. ज्या तारा त्यांच्यासाठी नव्हत्या, त्या तारांशी त्यांचा आलेला हा सर्वांत थेट संबंध होता.

४. टेलिफोन आणि सीमारेषा

मुंबईत टेलिफोन एक्सचेंज जानेवारी १८८२ मध्ये सुरू झाले. कोलकाता व चेन्नई येथेही त्याच वेळी खाजगी कंपनीमार्फत ही सेवा सुरू झाली. मुंबईची टेलिफोन कंपनी १९४३ मध्ये सरकारने आपल्या ताब्यात घेतली. स्वातंत्र्याच्या वेळी संपूर्ण देशात सुमारे ८० हजार टेलिफोन होते आणि त्यांतील फार मोठा वाटा महानगरांचा होता. १९६० मध्ये लखनौ-कानपूर दरम्यान ग्राहकाने स्वतः नंबर फिरवून परगावी बोलण्याची सोय प्रथम झाली. तोपर्यंत आणि ग्रामीण भागात त्यानंतरही बराच काळ, ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहणे हाच मार्ग होता.

१९८० च्या दशकात दूरसंचाराची पुनर्रचना झाली. १ जानेवारी १९८५ रोजी टपाल व दूरसंचार ही खाती वेगळी झाली. १ एप्रिल १९८६ रोजी महानगर टेलिफोन निगम लिमिटेड स्थापन होऊन मुंबई व दिल्लीची सेवा तिच्याकडे गेली. मुंबई विभागात ठाणे व नवी मुंबईचा समावेश झाला; कल्याण आणि त्यापुढील ग्रामीण ठाणे दूरसंचार खात्याकडेच राहिले व १ ऑक्टोबर २००० पासून भारत संचार निगम लिमिटेडकडे आले. पुढे मोबाइल सेवेचे परवाने देताना मुंबई, नवी मुंबई व कल्याण टेलिफोन केंद्रांचे क्षेत्र 'मुंबई' या सेवाक्षेत्रात आणि शहापूर, मुरबाड 'महाराष्ट्र' या सेवाक्षेत्रात गणले गेले.

या सीमारेषा कागदावरील वाटतात. परंतु लोकल गाडीने रोज मुंबईकडे कामास जाणाऱ्या चाकरमान्यास त्या खिशात जाणवत होत्या. शहापूरचा दूरध्वनी संकेतांक ०२५२७, मुरबाडचा ०२५२४ आणि मुंबई-ठाण्याचा ०२२. एकाच जिल्ह्यातील मुख्यालयाशी बोलण्यासाठी परगावचा संकेतांक फिरवावा लागे. मोबाइल आल्यावर कल्याणच्या पुढे प्रवासातच सेवाक्षेत्र बदले आणि रोमिंगचा आकार सुरू होई. पुढे रोमिंगचे आकार मागे पडले आणि ही रेषा पुसट झाली. तरीही सुमारे दोन दशके लोहमार्गाने जोडलेला प्रदेश दूरसंचाराच्या नकाशावर तोडलेला होता, ही वस्तुस्थिती नोंदविणे आवश्यक आहे.

५. गावात आलेला टेलिफोन

ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने भारतीय परिस्थितीस अनुरूप असे १२८ जोडण्यांचे लहान ग्रामीण एक्सचेंज विकसित केले. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते प्रथम बसविण्यात आले. परदेशी बनावटीच्या यंत्रांना वातानुकूलित खोली लागत असे. हे यंत्र उष्णता व धूळ सोसणारे होते. ग्रामीण भागातील टेलिफोनच्या प्रसारास यामुळे खरी गती मिळाली. तालुक्याच्या गावांत, स्थानकाबाहेर व बाजारपेठेत पिवळ्या पाटीची एसटीडी-पीसीओ केंद्रे उभी राहिली. त्यांच्या वाटपात अपंग व्यक्तींना प्राधान्य देण्याचे धोरण असल्याने या केंद्रांनी संपर्काबरोबर उपजीविकाही दिली. रात्री दर कमी झाल्यावर लागणाऱ्या रांगा हे त्या काळाचे वैशिष्ट्य होते.

धोरण व प्रत्यक्ष यांतील अंतर मात्र मोठे होते. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत सर्व गावे टेलिफोनने जोडण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते साध्य झाले नाही. १९९९ च्या नव्या धोरणात ग्रामीण भागातील टेलिफोनची घनता दर शंभर व्यक्तींमागे ०.४ असल्याचे नमूद करून ती २०१० पर्यंत ४ करण्याचे लक्ष्य ठरविण्यात आले. गावांतील सार्वजनिक टेलिफोनसाठी वापरलेली बहुसंयोगी रेडिओ यंत्रणा वारंवार नादुरुस्त होत असे. पुढे देशभरातील सुमारे १ लाख ८५ हजार अशा टेलिफोनांच्या जागी दुसरे तंत्रज्ञान बसविण्याचा कार्यक्रम घ्यावा लागला. म्हणजे सरकारी नोंदीत 'गाव जोडले' असा शेरा असे आणि गावात मात्र मुका टेलिफोन असे. सान्निध्य आणि प्राप्ती यांतील अंतराचे हे नवे रूप होय. पूर्वी तार गावावरून जात होती. आता यंत्र गावात येऊनही आवाज पोहोचत नव्हता.

या अंतरावर उपाय म्हणून १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधीची योजना अमलात आली. कंपन्यांच्या उत्पन्नातून घेतलेला वाटा तोट्याच्या भागातील सेवेसाठी वापरणे हे त्याचे तत्त्व. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीस 'डिजिटल भारत निधी' असे नाव दिले. ज्या १८८५ च्या तार कायद्यावर ही सर्व व्यवस्था उभी होती, त्याची जागा हा नवा कायदा घेत आहे. तारेची सेवा तर जुलै २०१३ मध्येच बंद झाली होती.

६. प्रकाशतंतू, मोबाइल आणि २०२०

इतिहासाची पुनरावृत्ती तंत्रज्ञान बदलूनही कशी होते, हे प्रकाशतंतूच्या उदाहरणावरून दिसते. सप्टेंबर २००० मध्ये रेल्वेने रेलटेल ही कंपनी स्थापन केली आणि लोहमार्गालगतच्या जागेतून प्रकाशतंतूचे जाळे टाकले. महामार्गांच्या कडेनेही केबल टाकण्यात आल्या. ज्या रुळांशेजारी तारेचे खांब होते, त्यांच्याच शेजारी जमिनीखाली प्रकाशतंतू आला. लांब पल्ल्याच्या प्रकाशतंतूची गत तारेसारखीच असते. मधल्या गावात त्यातील संदेश उतरवून घेण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा, वीज, जागा व देखभाल लागते. तेवढी गुंतवणूक होत नाही तोवर घरापासून शंभर पावलांवरील केबल त्या घराच्या उपयोगाची नसते. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेस केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली, तीच पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती हे तिचे लक्ष्य होते.

मोबाइलने हे अंतर सर्वाधिक कमी केले, हे मान्य करावेच लागेल. वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबाच्या हाती आलेला साधा मोबाइल ही या परिसराच्या इतिहासातील मोठी घटना आहे. तारेचे दर, भाषा आणि अक्षरज्ञान हे तीनही अडसर बोलण्याने एकदम दूर केले. तथापि डोंगराच्या आडोशाला असलेल्या पाड्यावर मनोऱ्याच्या लहरी पोहोचत नाहीत आणि वीज गेल्यावर मनोरा विद्युतघट वा जनित्रावर चालतो तेवढाच वेळ सेवा मिळते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि शिक्षण मोबाइलवर आले, तेव्हा हा प्रश्न प्रत्येक अध्यापकास प्रत्यक्ष दिसला. 'असर' या ग्रामीण शिक्षणविषयक पाहणीनुसार देशातील शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी स्मार्टफोन असलेल्या कुटुंबांतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. वाढ लक्षणीय होती. परंतु याचाच दुसरा अर्थ असा की दहापैकी जवळजवळ चार मुलांच्या घरी ते साधन नव्हते. ज्यांच्याकडे होते त्यांनाही 'रेंज' शोधत टेकडी चढावी लागल्याची उदाहरणे महाराष्ट्राच्या डोंगराळ भागांतून पुढे आली. वर्गातील उपस्थितीपटावर अशा विद्यार्थ्यांची नोंद 'गैरहजर' अशीच झाली असणार. म्हणून हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. विद्यार्थी वर्गात का पोहोचला नाही, याचे उत्तर कधी कधी १८५४ पासून चालत आलेल्या मार्गरचनेत शोधावे लागते.

७. क्षेत्रभेटीचे नवे स्वरूप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत क्षेत्रप्रकल्प व कार्यानुभवास श्रेयांक मिळू लागले आहेत. दूरसंचार केंद्राच्या भेटीचा इतिहासाच्या अंगाने उपयोग करून घेण्याची ही योग्य वेळ आहे. अशा भेटीत विद्यार्थ्यांनी पुढील बाबींकडे लक्ष देणे उपयुक्त ठरेल.

पहिली बाब म्हणजे केंद्रातील विद्युतघटांची खोली. जुन्या तारेच्या टेलिफोनला लागणारा ४८ व्होल्टचा प्रवाह एक्सचेंजमधूनच येत असे. त्यामुळे गावातील वीज गेली तरी टेलिफोन चालू राही. भारनियमनाचा अनुभव घेतलेल्या ग्रामीण विद्यार्थ्यास या एका गोष्टीवरून तंत्रज्ञान आणि समाज यांचा संबंध उमगू शकतो. नवे तंत्रज्ञान प्रत्येक बाबतीत जुन्यापेक्षा सरस असतेच असे नाही, हेही त्यातून कळते.

दुसरी बाब म्हणजे ज्या चौकटीवर बाहेरून येणाऱ्या जोडण्या केंद्रातील यंत्राशी जोडल्या जातात ती चौकट. कोणत्या गावाकडे किती जोड्या गेल्या, त्यांपैकी किती वापरात होत्या, किती तोडल्या गेल्या, ही माहिती म्हणजे तालुक्याच्या आर्थिक भूगोलाचा नकाशाच होय. मुख्य केबल कोठून येते व कोणत्या गावात न उतरता पुढे जाते, हा प्रश्नही तेथेच विचारता येतो.

तिसरी बाब मौखिक इतिहासाची. जानेवारी २०२० च्या अखेरीस भारत संचार निगमच्या ७८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पावसाळ्यात खांब चढणारे लाईनमन, ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या ऑपरेटर, तारमास्तर, एसटीडी केंद्रचालक ही पिढी आता कामावर नाही. त्यांच्या स्मृती कोणत्याही अभिलेखागारात जतन झालेल्या नाहीत. शहापूर, खर्डी, मुरबाड परिसरात राहणाऱ्या अशा व्यक्तींच्या मुलाखती घेणे हे पदवीच्या विद्यार्थ्यास सहज शक्य असलेले आणि खऱ्या अर्थाने मूलभूत असे संशोधन ठरेल. गावात पहिला टेलिफोन कोणाकडे आला, त्यावर निरोप घेण्यासाठी कोणाला आत प्रवेश होता व कोणाला ओट्यावर थांबावे लागे, या प्रश्नांची उत्तरे जात, वर्ग आणि लिंगभाव यांच्या इतिहासाकडे नेतात.

चौथी बाब कागदपत्रांची. घरातील जुन्या पेटीत जपलेली तार, टेलिफोनचे बिल, जुनी निर्देशिका, एसटीडी केंद्राची पाटी ही सर्व इतिहासाची साधने आहेत. महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने त्यांचा लहानसा संग्रह केल्यास त्यासाठी फारसा खर्च येणार नाही. आणखी काही वर्षांनी मात्र खर्च करूनही ही साधने मिळणार नाहीत.

अशी भेट घडवून आणण्यासाठी इतिहास, भूगोल व विज्ञान विभागांनी एकत्र येणे अपरिहार्य आहे. यंत्र कसे चालते हे विज्ञानाच्या अध्यापकाने सांगावे, ते येथेच का आहे हे भूगोलाच्या अध्यापकाने आणि ते पूर्वी का नव्हते हे इतिहासाच्या अध्यापकाने.

निष्कर्ष

१) खर्डी परिसर संपर्काच्या प्रमुख मार्गावर १८५० च्या दशकापासून आहे. तथापि मार्गाचे सान्निध्य व सेवेची प्राप्ती या भिन्न गोष्टी असून त्यांतील अंतर प्रत्येक नव्या साधनाबरोबर पुन्हा निर्माण झाले.

२) या अंतराचे कारण केवळ डोंगराळ भूगोल नाही. मार्गाची आखणी दोन टोकांच्या गरजेनुसार होणे, मधल्या ठिकाणी यंत्रणा उतरविण्याचा खर्च उत्पन्नाशी जोडणे आणि प्रशासकीय सेवाक्षेत्रांच्या सीमा ही त्याची ऐतिहासिक कारणे आहेत.

३) अंतर कमी झाले ते आपोआप नव्हे. सी-डॉटचे ग्रामीण एक्सचेंज, सार्वजनिक टेलिफोन केंद्रे, सार्वत्रिक सेवा निधी आणि मोबाइलचे स्वस्त दर अशा ठरवून केलेल्या प्रयत्नांनी किंवा स्पर्धेने ते कमी झाले. पुढील अंतरही अशाच प्रयत्नांनी कमी होईल.

४) दूरसंचार केंद्राची क्षेत्रभेट ही यंत्रदर्शनापुरती मर्यादित न ठेवता स्थानिक इतिहासाच्या संशोधनाशी जोडल्यास ग्रामीण विद्यार्थी हा केवळ तंत्रज्ञानाचा ग्राहक न राहता त्याचा अभ्यासक होऊ शकतो.

खर्डीच्या विद्यार्थ्याने मुंबईतील कंपनीचे चकचकीत केंद्र अवश्य पाहावे. परंतु तेथून मुंबईबाहेर उत्तरेकडे जाणारी केबल आपल्याच गावाच्या वेशीवरून जाते, हे त्यास ठाऊक असावे आणि 'ती आमच्याकडे केव्हा उतरली ?' हा प्रश्न विचारण्याचे धैर्य त्याच्यात असावे. ते धैर्य देणे हे इतिहासाच्या अध्यापकाचे काम आहे.